एक हिट पॉइंटचं घुबड

नियमपुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम बोटभर उंचीची चौकट आलीय. आर्मर क्लास ११. हिट पॉइंट १. चालण्याचा वेग ५ फूट, उडण्याचा ६०. ताकद ३, बुद्धी २. शहाणपण मात्र १२, म्हणजे आमच्या टेबलावरच्या बार्बेरियनपेक्षा जास्त. अंधारात १२० फुटांपर्यंत दिसतं. पंजा मारला तर समोरच्याचं नुकसान १. पण मंत्राने आलेल्या घुबडाला हल्ला करायलाच मनाई आहे, त्यामुळे तो पंजाही शोभेचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीतलं हे विझार्डचं घुबड. लढाईत त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर विझार्ड खेळणारी माणसं तासभर बोलू शकतात.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, सगळ्यांचा डीएम. तो जग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात, कुणी मंत्र टाकणारा विझार्ड, कुणी लपून वार करणारा रोग, आणि जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. वार लागायला निदान समोरच्याच्या आर्मर क्लासएवढं पडावं लागतं, आणि हिट पॉइंट संपले की तो कोसळला. लढाई सुरू झाली की सहा-सहा सेकंदांच्या फेऱ्या होतात. प्रत्येकाला आपल्या टर्नला थोडं हलता येतं आणि एक ॲक्शन करता येते. तलवार मारा, मंत्र टाका किंवा पळा. ही एक ॲक्शन म्हणजे लढाईतलं चलन. घुबड तेच मागतं.

ते येतं कसं, हेही बघण्यासारखं आहे. ‘फाइंड फॅमिलियर’ हा पहिल्या पातळीचा मंत्र. पितळी शेगडीत १० सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि औषधी पाला जाळायचा आणि तासभर बसायचं. मग एक आत्मा येतो आणि तुम्ही सांगाल त्या प्राण्याचं रूप घेतो. मांजर, बेडूक, ससाणा, कोळी, उंदीर, खेकडासुद्धा. म्हणजे ते घुबड नव्हेच, घुबडाचं सोंग घेतलेलं काहीतरी आहे. ते स्वर्गीय, परीलोकातलं की पाताळातलं, हे तुम्हीच ठरवायचं. त्याच पुस्तकात लाँगसोर्डची किंमत १५ नाणी आहे आणि जखम भरणाऱ्या औषधाच्या बाटलीची ५०. घुबड तलवारीपेक्षा स्वस्त. ही किंमत लक्षात ठेवा. त्याच्या स्वभावातलं बरंचसं तिथूनच येतं.

त्याचं कूळ मात्र स्वस्त नाही. इंग्लंडमध्ये १६४५ च्या सुमाराला मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा इसम चेटकिणी शोधत गावोगाव फिरत होता. १६४७ साली त्याने छापलेल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठाच्या चित्रात खुर्च्यांवर बसलेल्या बायका आहेत आणि त्यांच्याभोवती त्यांची ‘फॅमिलियर’, म्हणजे चेटकाच्या सोबतीची मानलेली जनावरं, उभी आहेत. बैलाच्या तोंडाचा लांबटांग्या कुत्रा व्हिनेगर टॉम, काळा ससा सॅक अँड शुगर, आणखी अशीच. मॅनिंगट्रीच्या एलिझाबेथ क्लार्क या एक पाय नसलेल्या म्हातारीला रात्रीमागून रात्री जागं ठेवून तिच्याकडून अशी नावं वदवून घेतली आणि मग तिला फाशी दिली. आज आपण चहा पीत ज्या प्राण्याला नाव ठेवतो त्याच्या मागे हे आहे. खेळाने त्यातलं भय काढून टाकलं आणि सोय तेवढी ठेवली.

अर्थात सगळं भय पहिल्याच दिवशी गेलं नाही. गॅरी गायगॅक्सने १९७८ मध्ये लिहिलेल्या खेळाडूंच्या पुस्तकात फॅमिलियर निवडता येत नसे, फाशावर यायचा. काळी मांजर, कावळा, ससाणा, घुबड, भेक, मुंगसासारखा विझल; नशीब खराब असलं तर कुणीच नाही. प्रत्येकाचं इंद्रिय वेगळं नोंदलेलं होतं. घुबडाला रात्री माणसाला दिवसा दिसतं तसं दिसे, भेकाची नजर रुंद होती, विझलला वास भारी येई. आणि तो प्राणी मेला तर मालकाचे हिट पॉइंट कायमचे जात, प्राण्याचे होते त्याच्या दुप्पट. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड झेलून नेतं, नदीच्या पाण्यात उगाळत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. हा हिशोब गायगॅक्सला लगेच पटला असता. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत प्राणी गेला तर अनुभवाचे गुण कापले जात. २०१४ मध्ये उरली ती फक्त १० नाणी आणि एक तास.

पण त्या आवृत्तीत एक वाक्य होतं आणि माझ्या मते सगळ्या मंत्रात तेवढंच वाक्य खरं जादूचं आहे. घुबड शंभर फुटांच्या आत असेल तर विझार्डने आपली ॲक्शन खर्चून त्याच्या डोळ्यांनी बघावं, त्याच्या कानांनी ऐकावं, पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत. तेवढा वेळ विझार्डचे स्वतःचे डोळे आणि कान बंद.

बंद म्हणजे बंद. तुम्ही वटवाघळात, ससाण्यात, घुबडात शिरलात की तुमचं अंग रणांगणात उभंच्या उभं, आंधळं आणि बहिरं. आंधळ्यावर वार करणाऱ्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा. दुसऱ्याचं इंद्रिय उसनं घ्यायचं तर आपलं अंग गहाण टाकावं लागतं, आणि तेही हातात साधी काठी, अंगात सात-आठ हिट पॉइंट असलेल्या माणसाने.

आमच्या टेबलावरच्या घुबडाचं नाव नाना. विझार्ड खेळणाऱ्या मैत्रिणीने ते पहिल्याच दिवशी ठेवलं, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे स्वतः काही न करता वर बसून सगळं बघणारा दुसरा कोण असतो. नाव पडल्याबरोबर अनेकवचनही आपोआप आलं. नाना उडाले, नाना बसले, नानांना विचार. डीएमसुद्धा त्यांना अहो-जाहो करतो. मात्र तो नानांची बुद्धी २ विसरत नाही. शंभर फुटांच्या आत विझार्ड आणि घुबड मनातल्या मनात बोलू शकतात आणि त्याला ॲक्शन लागत नाही, म्हणून सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की फुकटचा हेर मिळाला. मग नानांचे अहवाल यायला लागले.

“नाना, आत किती जण आहेत?”

“आहेत.”

“किती?”

“एक. आणखी एक. आणखी.”

“हत्यारं?”

“एकाकडे उंदीर आहे.”

तो उंदीर म्हणजे पट्ट्याला लटकवलेली चामड्याची पिशवी होती, हे रोगचा हात तिच्यात गेल्यावर कळलं. काही डीएम घुबडाला चक्क शिकलेल्या माणसासारखं बोलू देतात. त्यांची बाजूही बरोबर आहे, कारण आत बसलाय तो आत्मा. पण मला आमच्या डीएमचा हट्ट आवडतो. पहाटे दारात येणारा पिंगळा झाडावरच्या पिंगळ्याची भाषा कळते असं सांगून घरादाराचं भविष्य वर्तवतो. तिथे पक्षी मोजकं बोलतो आणि माणूस त्यातून पानभर काढतो. टेबलावरही तेच व्हायला हवं. घुबड सांगेल तेवढंच घुबडाचं; अर्थ लावायचा तो विझार्डने.

अर्थ लावायचा कंटाळा आला किंवा वेळच नसला की मग डोळे उसने घ्यायचे. इथे ज्यांना ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ अजून खेळायचं आहे त्यांनी पुढचे पाच परिच्छेद सोडून द्यावेत. २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं हे साहस. सुरुवातीलाच गॉब्लिनांची एक गुहा लागते, तिच्यातून ओढा बाहेर येतो. ओढ्याच्या काठाने अंधारात आत शिरायचं. वर वीस फुटांवर आडवा पूल आहे, त्यावर एक गॉब्लिन पहाऱ्याला लपलेला असतो. त्याला खाली हालचाल दिसली की तो मागच्यांना इशारा करतो आणि ते साठवलेलं पाणी सोडून देतात. उजेड घेऊन जावं तर तो दुरूनच बघतो. गॉब्लिनला अंधारात साठ फूट दिसतं. उजेडाशिवाय जावं तर आपल्यातल्या माणसांना काहीच दिसत नाही.

आमची विझार्ड माणूस. मशाल विझवलेली. लांडग्यांशी झटापट सुरू झाली होती म्हणून इनिशिएटिव्ह, म्हणजे कुणाचा टर्न कधी हे ठरवणारा फासा, टाकलेलं. घुबडाचा टर्न त्याचा वेगळा असतो. त्यावर नाना साठ फूट आत गेले आणि पुलापलीकडच्या कपारीत बसले. तिचा टर्न आला तशी ती म्हणाली, “मी नानांच्या डोळ्यांनी बघते.” आणि तिने खुर्ची फिरवून टेबलाकडे पाठ केली. हा आमच्याकडचा रिवाज आहे, पुस्तकात नाही. पात्र बहिरं झालं तरी खेळाडूच्या कानावर खोलीतलं सगळं पडतंच. पाठ केली की निदान कुणाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, आणि आपण गेलोय याचं भान तिलाही राहतं.

गंमत बघा, अंधारात उभ्या माणसाने डोळे गहाण टाकले तर त्याचं जातं काय? काहीच नाही. तिला आधीही दिसत नव्हतं. गेले ते कान. डीएमने तिच्या कानाशी जाऊन हळू आवाजात सांगितलं: सगळं राखाडी आहे, पुलावर कठड्याआड एक जण वाकून बसलाय, त्याच्या मागच्या गुहेत दोन डबकी आहेत आणि तिथे दोघं कशाला तरी हात घालून उभे आहेत. ती आंधळी-बहिरी असली तरी मुकी नव्हती. “पुलावर एक! मागे दोघं, पाण्यापाशी!” असं ती ओरडली. आमच्या रेंजरने जागा ऐकून बाण सोडला आणि तो चुकला. पण लांडग्यांपैकी एक साखळी ओढून सुटला हे बाकी सगळ्यांनी ऐकलं होतं, तिने ऐकलेलं नव्हतं. “मागे सर!” म्हणून क्लेरिक घसा फोडत होता. पाठमोरी बसलेली ती हसत होती, कारण तिला ते ऐकू येत होतं आणि तिच्या विझार्डला नव्हतं.

गॉब्लिनचा टर्न. कपारीत पंख हलले ते त्याने पाहिले. त्याच्या धनुष्याला फाशावर ४ मिळतात, नानांचा आर्मर क्लास ११. म्हणजे ७ किंवा जास्त पडलं की लागला. विसातले चौदा. पडले १५.

“नाना गेले,” डीएम म्हणाला.

आता प्रश्न असा की ज्या डोळ्यांनी विझार्ड बघत होती तेच मिटले, तर तिला काय होतं? नियम याबद्दल गप्प आहे. कुणी म्हणतं पुढच्या टर्नपर्यंत आंधळी, कुणी म्हणतं डोके दुखून शुद्ध हरपावी. आमच्या डीएमने निकाल दिला की स्वतःची इंद्रियं तत्काळ परत. आणि त्यातच मेख होती. घुबडाचे डोळे मिटल्यावर काळोख आणि स्वतःचे उघडल्यावरही काळोख. आपण परत आलोय हे तिला कळणार कसं? कानांनी. पहिला आवाज आला तो वरून सुटलेल्या पाण्याचा. तोवर काठावर चढायला फार उशीर झाला होता.

लोक ‘घुबडाच्या डोळ्यांनी’ असंच म्हणतात आणि कान विसरतात, हे मला नेहमी खटकतं. नियमात घुबडाला तीक्ष्ण नजर आणि तीक्ष्ण श्रवण दोन्ही दिलेली आहेत. त्या दोन्हींवर फासा टाकताना ॲडव्हांटेज असतो. पण अंधारात १२० फूट दिसतं म्हणजे स्वच्छ दिसतं असं नाही. तो अंधुक उजेड धरायचा, रंग नाहीत, आणि अंधुक उजेडात नजरेच्या फाशाला डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला वाईट तो घ्यायचा. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि राहतो साधा एक फासा. म्हणजे काळोखात घुबडाची नजर, नियमाप्रमाणे, फक्त बरी. कानांना मात्र अंधाराचा दंड नाही. तिथे दोन फासे शाबूत.

खऱ्या घुबडाचंही तसंच आहे. रॉजर पेनने, पुढे जो देवमाशांच्या गाण्यांमुळे जगाला माहीत झाला, कॉर्नेल विद्यापीठात गव्हाणी घुबडावर काम केलं होतं. पूर्ण काळोख केलेल्या खोलीत जमिनीवर पाला पसरून त्याने उंदीर सोडला. घुबडाने त्याला नुसत्या सळसळीवरून पकडलं. उंदराऐवजी कागदाचा बोळा पाल्यातून ओढला तर त्यावरही झेप घातली. या घुबडाचे दोन कान एका उंचीवर नसतात, एक वर एक खाली. त्यामुळे आवाज डाव्या-उजव्या बाजूने आला इतकंच नव्हे, तर वरून की खालून हेही कळतं. चेहऱ्याची ती बशी आवाज गोळा करायला. तेव्हा अदृश्य शत्रू खोलीत असेल तर नानांना “काय दिसतंय” विचारण्यात अर्थ नाही, त्यांनाही तो अदृश्यच. “कुठे वाजतंय” विचारावं. जागा कळली तर निदान बाण कुठे सोडायचा ते ठरतं, भले फासा डिसॲडव्हांटेजने टाकावा लागो.

इथेच वटवाघूळवाले लोक हात वर करतात. वटवाघळाला साठ फुटांपर्यंत ब्लाइंडसाइट असते. आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालणाऱ्या त्या नजरेला अदृश्य माणूस, धुकं, जादूचा काळोख, कशाचीच अडचण होत नाही. मंत्रातच लिहिलंय की प्राण्याच्या खास इंद्रियांचा फायदा मिळतो. युक्तिवाद बिनतोड आहे. पण ॲक्शन गेली बघण्यात, आणि मंत्र टाकायचा टर्न आला की ती नजर संपलेली. २०१४ च्या नियमात उसन्या डोळ्यांची बातमी विझार्डने स्वतः वापरेपर्यंत शिळी झालेली असते. तिचा उपयोग इतरांना जास्त, तिला कमी. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत ही उसनवारी मिनिटभर चालते, तिथेही स्वतःची इंद्रियं जातातच, आणि पुन्हा करायला दहा मिनिटं थांबावं लागतं.

वटवाघळाकडे नाही ते नानांकडे आहे: शत्रूच्या हाताशी येऊन निघून जाताना त्यांच्यावर कुणाला आयता वार करता येत नाही. म्हणून लढाईत त्यांना खरं काम देतो तो रोग. घुबडाने ओगरच्या तोंडापुढून फडफडत जायचं, त्याचं लक्ष उडवायचं, की रोगच्या पहिल्या वाराला ॲडव्हांटेज आणि त्यामागून स्नीक अटॅकचे जादा फासे. दर फेरीला हेच. डोळ्यांची उसनवारी राहिली बाजूला, नाना झाले फडफडणारी चिंधी. आणि चौथ्या-पाचव्या फेरीत कुणी तरी फायरबॉल टाकतं. त्यात ज्याला फाशाने वाचवलं त्याला निम्मं नुकसान होतं, पण एका हिट पॉइंटवर नाना त्या निम्म्यातून तरी कुठे जगणार?

स्वस्त वस्तू माणूस जपून वापरत नाही. आमच्या गटाने नानांना दारामागच्या सापळ्यावर आधी पाठवलंय, विषारी दिसणारं पाणी आधी त्यांना प्यायला लावलंय. पण ज्या फेरीत विझार्ड त्यांच्या डोळ्यांत बसलेली असते त्या फेरीत कुणीही त्यांना बेपर्वाईने कुठे पाठवत नाही, हे मी पाहिलंय. तेवढ्या सहा सेकंदांपुरतं त्या एका हिट पॉइंटमध्ये आपलं माणूस असतं. नियमात असं कुठे लिहिलेलं नाही, पण बंद डोळ्यांच्या त्या एका अटीने ते घडवून आणलं.

२०२४ च्या नव्या पुस्तकात ती अट काढून टाकलीय. आता घुबडाच्या डोळ्यांनी बघायला ॲक्शन लागत नाही, टर्नमधली छोटी, जादा बोनस ॲक्शन पुरते. स्वतःचे डोळे-कानही शाबूत. बघा आणि त्याच टर्नला मंत्र टाका. खेळायला हे सोपं आहे, विझार्ड खेळणारे खूश आहेत, आणि त्यांचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. सात हिट पॉइंट घेऊन आंधळं उभं राहणं काही सुखाचं नसतं. पण आता नाना म्हणजे उंच टांगलेला कॅमेरा झाले. त्यात कुणी शिरत नाही, फक्त बघतं.

आमच्या टेबलावर यावर मतदान झालं. बोनस ॲक्शन नवी घेतली, आंधळेपण जुनं ठेवलं, खुर्ची अजून फिरते. घुबड मेलं तर १० नाणी कोणी द्यायची हा मुद्दा मात्र सुटला नव्हता. त्यावर विझार्डने ठराव मांडला: ज्याच्या वारासाठी नाना फडफडले त्याने. ठराव मंजूर झाला. रोग एकटाच विरोधात होता.